पणजोबांचे नाव कोणत्या दप्तरात?

१/८
आयर्लंडमधील पूर्वज शोधणारा माणूस १९०१ आणि १९११ ची जनगणना घरबसल्या उघडतो. घरातील प्रत्येकाचे नाव, वय, धर्म, व्यवसाय त्याला तिथे वाचता येतो. मित्रहो, जुन्या चांदा जिल्ह्याच्या जंगलातले पणजोबा शोधायचे असतील तर?

२/८
१९३१ च्या जनगणनेच्या खंडांत जातवार आकडे आहेत. माणसांची नावे नाहीत. स्वातंत्र्यानंतरच्या कौटुंबिक नोंदी १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार कोणालाही पाहता येत नाहीत.

३/८
चंद्रपूर-गडचिरोलीत हा शोध जमिनीशी बांधलेला आहे. वनहक्क कायदा, २००६ नुसार अनुसूचित जमातींबाहेरील वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. हिशेब थेट १९३० पर्यंत मागे जातो.

४/८
गडचिरोली जिल्हा झाला १९८२ साली. त्याआधीचा माग चांद्याच्या दप्तरात घ्यावा लागतो: बंदोबस्ताच्या मिसली आणि मालगुजारीचे कागद. मेजर लुसी स्मिथ यांचा बंदोबस्त अहवाल १८६९ चा. मात्र महसुली कागद जमिनीमागे चालतो. ज्याच्या नावे जमीन नाही, तो त्यात क्वचितच भेटतो.

५/८
अशा वेळी उपयोगी पडते कोतवाल बुक. गावच्या जन्म-मृत्यूच्या या नोंदींत बापाचे नाव व जात सापडते. बाळाचे नाव पुष्कळदा नसतेच. फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’.

६/८
आयर्लंडमध्ये १८६४ पासून सर्व विवाहांची सरकारी नोंद आहे, वधू-वर दोघांच्या वडिलांच्या नावांसह. कोतवाल बुकात लग्न नाही. त्यामुळे सासरी गेलेली पणजी कागदावरून नाहीशी होते. गोंड समाजात मात्र सोयरीक जुळवताना कुळ आणि देवसंख्या विचारतात, कारण समान देवसंख्येच्या कुळांत लग्न होत नाही. आजीचे माहेरचे कुळ म्हणूनच स्मरणात टिकते.

७/८
वनहक्क नियमांतील नियम १३ ही स्मृती पुरावा मानतो: वंशावळ, वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने. माडिया गावांत मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले दगडही मग केवळ दगड राहत नाहीत.

८/८
१९२२ मध्ये डब्लिनचे अभिलेखागार जळाले आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद राख झाले. आपल्याकडे एक वृद्धा गेली की तिच्यासोबत तीन पिढ्यांची माहेरे जातात. पुढच्या वेळी गावी गेलात की आजीला तिचे माहेर, तिच्या आईचे माहेर, कुळ आणि देव विचारा. वहीत उतरवा, तारीख घालायला विसरू नका.