श्टिक

श्टिक : विनोदी कलाकाराची हुकमी, पुन्हा पुन्हा वापरली जाणारी करामत. अमेरिकी इंग्रजीतला हा बोलीतला शब्द पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेतून आला. यिडिशमध्ये ‘श्टिक’ म्हणजे तुकडा, आणि चाळे किंवा खोड्याही. जर्मन ‘श्ट्युक’ हा त्याचा भाऊबंद; त्याला तुकड्याबरोबर ‘नाटक’ असाही अर्थ आहे.

१८८० नंतर पूर्व युरोपातले ज्यू मोठ्या संख्येने अमेरिकेत आले आणि त्यांच्याबरोबर यिडिशही न्यूयॉर्कच्या रंगमंचांमागे रुळली. व्होडव्हिलमध्ये, म्हणजे सुट्या सुट्या करमणुकीच्या कार्यक्रमांच्या प्रयोगात, प्रत्येक नटाच्या वाट्याला मोजकीच मिनिटे येत. तेवढ्यात लक्षात राहायचे, तर स्वतःचे काहीतरी ठरलेले हवेच. ग्राउचो मार्क्सची रंगवलेली मिशी, सिगार आणि वाकून चालणे, तर त्याचा भाऊ हार्पोचे मौन आणि भोंगा, ही याच शाळेतली श्टिके.

विनोदी नट जॅक बेनीचे श्टिक होते कंजूषपणा. (खाजगी आयुष्यात तो मुळीच कंजूष नव्हता, वाद्यवृंदांच्या मदतनिधीसाठी तो व्हायोलिन वाजवत हिंडे.) १९४८च्या त्याच्या एका रेडिओ कार्यक्रमात चोर दरडावतो, पैसे दे नाहीतर जीव दे. बेनी गप्प. प्रेक्षक हसू लागतात. चोर पुन्हा खेकसतो, तेव्हा बेनी वैतागून म्हणतो, विचार करतोय! रेडिओवर चेहरा दिसत नाही, तरी नुसत्या शांततेवर हशा मिळाला. कारण हा माणूस पैशाचा किती लोभी, हे श्रोत्यांना आधीच पाठ होते.

रॉडनी डेंजरफिल्डला आपले श्टिक उशिरा गवसले. मधली काही वर्षे विनोद सोडून तो घरांना बाहेरून लावायचे ॲल्युमिनियमचे पत्रे विकत होता. पुढे ‘मला कुणी मान देत नाही’ ही एकच तक्रार आणि टायची गाठ ओढत राहणे, एवढ्या भांडवलावर त्याने नाव कमावले. १९६७ साली एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात त्याला मोठी संधी मिळाली.

एखादा सुटा विनोद म्हणजे श्टिक नव्हे. तो कुणीही सांगू शकतो. श्टिक मात्र माणसाला चिकटलेले असते. आता हा शब्द रंगमंचाबाहेर पुढारी, विक्रेते, अगदी नात्यातल्या बढाईखोरासाठीही वापरतात. तिथे कौतुकापेक्षा ‘पुरे झाले याचे’ हाच सूर जास्त असतो, त्यामुळे कुणाच्या कलेला तोंडावर श्टिक म्हणताना ओळख जवळची असलेली बरी.