दिवाडीवरची ‘म्हादेई’

पुनावळ्यात बसून समुद्राच्या गोष्टी? काहींच्या चेहऱ्यावर हा प्रश्न दिसतोय. पण शिडाच्या नौकेतून भारतीयानं एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास घेतलेले निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी राहायचे फलटणजवळ, विंचुर्णीत. तिथेही समुद्र नाहीच!

नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे तयार झाले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. दांडेकरांनी अशी नौका आधी बांधलेली नव्हती. आणि दोंदे काही तयार नौका ताब्यात घ्यायला गेले नाहीत, बांधणी चालू असतानाच ते तिथे वावरत होते. तुम्ही कारखान्यातली माणसं, तुम्हाला वेगळं सांगायला नको. मशीन उभं करताना जो हजर असतो, त्याला ते बिघडल्यावर कुठे हात घालायचा ते कळतं. भरसमुद्रात तर फिटर, इलेक्ट्रिशियन, स्वयंपाकी, सगळं एकच माणूस.

ऑगस्ट २००९ मध्ये ते मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन असे चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये परतले. या फेरीत किनाऱ्यावरून त्यांना मदत करत होते अभिलाष टॉमी. २०१२-१३ मध्ये याच ‘म्हादेई’तून ते एकटे गेले, कुठेही न थांबता.