द बेस्ट ऑफ द आर्ट ऑफ नॉइज : एका नावाचे दोन संग्रह

'आर्ट ऑफ नॉइज' या ब्रिटिश गटाच्या निवडक रचनांचा हा संग्रह 'चायना रेकॉर्ड्‌स'ने १९८८ मध्ये प्रकाशित केला. अॅन डडली, जे. जे. जेक्झालिक, गॅरी लँगन, निर्माते ट्रेव्हर हॉर्न आणि पत्रकार पॉल मॉर्ली यांनी १९८३ मध्ये हा गट उभा केला. त्याचे नाव इटालियन कलावंत लुइजी रुस्सोलो यांच्या १९१३ च्या जाहीरनाम्यावरून घेतलेले आहे. गोंगाटालाही संगीतात स्थान असावे, असा त्या जाहीरनाम्याचा आग्रह होता.

गटाचे मुख्य वाद्य म्हणजे 'फेअरलाइट' हा ऑस्ट्रेलियन बनावटीचा संगणक. कोणताही ध्वनी त्यात साठवून कळपट्टीवर हव्या त्या स्वरात वाजवता येई. यालाच सॅम्पलिंग म्हणतात. आरंभीच्या यंत्रांची स्मृती मात्र इतकी तोकडी होती, की एका वेळी जेमतेम सेकंदभराचा आवाज त्यात मावे. तुटक हुंकार, मध्येच छाटलेला ढोल, सुरू होता होता अडखळणारी मोटार ही गटाची ओळख बऱ्याच अंशी या अडचणीतून घडली. 'बीट बॉक्स'मधील ढोल तर 'येस' या रॉक गटाच्या ध्वनिमुद्रणातून उरलेले. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच!

१९८५ मध्ये डडली, जेक्झालिक आणि लँगन यांनी हॉर्न व मॉर्ली यांची 'झेडटीटी' ही कंपनी सोडून 'चायना'चा रस्ता धरला. गिटारवादक ड्युएन एडी यांच्यासह केलेल्या 'पीटर गन'ला ग्रॅमी पुरस्कार लाभला. टॉम जोन्स यांनी गायलेले प्रिन्सचे 'किस' १९८८ मध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत पाचव्या क्रमांकावर पोहोचले.

निळ्या मुखपृष्ठाच्या मूळ संग्रहात दोन्ही कालखंड एकत्र नांदतात. १९९२ च्या गुलाबी आवृत्तीतून मात्र झेडटीटीच्या काळातील रचना वगळल्या गेल्या. 'मोमेंट्‌स इन लव्ह' आणि 'क्लोज (टू द एडिट)' यांच्याविना या गटाचे 'सर्वोत्तम' सांगणे म्हणजे पूर्वार्ध फाडलेली कादंबरी हाती देणे. 'क्लोज'मधील 'हे!' ही आरोळी पुढे १९९६ मध्ये 'द प्रॉडिजी'च्या 'फायरस्टार्टर'मध्ये उमटली आणि गटाच्या सदस्यांची नावे त्या गीताच्या श्रेयनामावलीत आली. गुलाबी आवृत्ती घेणाऱ्याला ती आरोळी मुळात ऐकायलाच मिळत नाही. जुन्या तबकड्यांच्या दुकानात दोन्ही आवृत्त्या एकाच नावाने आढळतात. खरेदीपूर्वी मुखपृष्ठाचा रंग पाहावा.