अर्ध्या टनाचे यंत्र ते मुठीएवढा कॅमेरा : कळमेश्वरच्या रस्त्याची नोंद

१/
जानेवारी १८२३. हैदराबादहून नागपूरकडे निघालेला वृद्ध मोजणीदार विल्यम लॅम्बटन वाटेत हिंगणघाट येथे मरण पावला. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्याने साखळीने पायारेषा मोजली आणि तिच्यावर भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी उभी राहिली. त्याचे थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचे होते. त्याची कबर आजही हिंगणघाटला आहे. ते यंत्र डोंगरांवर चढवणाऱ्या खलाशांची नावे मात्र फारशी कोठे सापडत नाहीत.

२/
नागपूरच्या झिरो माईलजवळ याच मोजणीपरंपरेतील १९०७ सालची उंचीची खूण आहे. अशा खुणांनी देशाला अंतरे आणि उंची दिली. परंतु नागपूर–काटोल मार्गावरील कळमेश्वरच्या बाजारपेठेत कोणते दुकान कोणाशेजारी होते, पाटी कोणत्या लिपीत होती, झाड कोठे होते, हे त्या नकाशात येणे शक्यच नव्हते. तो नकाशा राज्यकर्त्याला हवे तेवढेच पाहत होता.

३/
महसुली गावनकाशाचेही तेच. त्यात शीव, नाला, पांदण आणि शेतांचे क्रमांक असतात. वस्ती मात्र बहुधा ‘गावठाण’ या एका शब्दात मिटते. ही उणीव भरण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली आणि ग्रामीण गावठाणांची मोजणी ड्रोनने होऊ लागली. ड्रोनला छप्पर दिसते. दार, ओटा आणि पाटी पाहायची, तर रस्त्यावरच उतरावे लागते.

४/
रस्ता सलग टिपण्याची कल्पना गूगलच्या आधीची आहे. १९६६ मध्ये एड रुशे या अमेरिकी चित्रकाराने लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरील प्रत्येक इमारतीची छायाचित्रे एका लांब घडीच्या पुस्तकात मांडली. १९७८ च्या सुमारास एमआयटीच्या संशोधकांनी ॲस्पेन या गावात मोटारीवर कॅमेरे बसवून दर दहा फुटांवर एक छायाचित्र घेतले. पडद्यावर बसून गावात ‘फिरण्याचा’ हा आरंभीचा प्रयोग होय.

५/
गूगलची स्ट्रीट व्ह्यू सेवा २००७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. भारतात २०११ मध्ये बंगळुरूला पोलिसांनी ते चित्रण थांबवले. २०१६ मध्ये केंद्राने परवानगी नाकारली. अखेर जुलै २०२२ मध्ये जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा यांच्यामार्फत ती दहा शहरांत आली. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. ज्या नागपुरात झिरो माईल आहे, ते त्या पहिल्या यादीत नव्हते. मग कळमेश्वरची काय कथा!

६/
याला पर्यायी वाट लोकसहभागाची. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट याने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. त्यात कोणीही भर घालू शकतो. २०१३ मध्ये स्वीडनच्या माल्मो शहरात मॅपिलरी निघाली. तिच्यावर कोणीही रस्त्याची छायाचित्रे चढवावीत आणि नकाशाकारांनी ती पाहून दुकाने, फलक, वळणे नोंदवावीत, अशी ही व्यवस्था.

७/
या कामात ॲक्शन कॅमेरा उपयोगी ठरला. हेल्मेटवर किंवा हँडलवर बसणारी ही मुठीएवढी वस्तू धक्के सोसते. गोप्रोच्या २०१६ मधील हिरो ५ पासून अनेक प्रतिकृतींत जीपीएस आले आणि व्हिडिओच्याच फाइलमध्ये स्थान व वेळ यांची नोंद होऊ लागली. पुढे संगणक त्या व्हिडिओतून ठरावीक अंतरावरची छायाचित्रे निवडतो आणि प्रत्येकाला अक्षांश-रेखांश जोडतो.

८/
गणित सोपे आहे. कळमेश्वरहून काटोलच्या दिशेने दुचाकी ताशी ३० किलोमीटर वेगाने निघाली, तर ती सेकंदाला सुमारे ८.३ मीटर पुढे जाते. दर अर्ध्या सेकंदाला एक छायाचित्र घेतले, तर दोहोंत चार मीटरांहून अधिक अंतर पडते. सेकंदाला ३० चित्रांच्या व्हिडिओत मात्र दर २८ सेंटिमीटरला एक चित्र असते. त्यांतून दर तीन मीटरला एक निवडले, तर दहा किलोमीटरमध्ये सुमारे ३,३०० छायाचित्रे मिळतात. तीन मीटर म्हणजे जवळजवळ ॲस्पेनचेच दहा फूट!

९/
या साधनाला मर्यादाही आहेत. व्हिडिओतून काढलेले चित्र स्वतंत्र छायाचित्रापेक्षा कमी सुस्पष्ट असते. संध्याकाळच्या उजेडात पाट्या पुसट होतात. जीपीएस काही मीटर चुकते आणि उपग्रहांचा संकेत नीट मिळण्याआधीच निघाले, तर पहिला टप्पा भलत्याच गल्लीत पडतो. चेहरे आणि वाहनांचे क्रमांक संगणक धूसर करतो. पण त्याच्याही नजरेतून काही सुटतात. म्हणून चढवण्यापूर्वी मानवी डोळ्याने पाहणे आवश्यक ठरते.

१०/
कायद्याची चौकटही समजून घ्यावी लागते. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय नागरिक व संस्थांसाठी पूर्वपरवानगीची अट काढली; रस्त्यावरून होणारे असे सर्वेक्षण मात्र केवळ भारतीयांनाच खुले ठेवले आणि ठरावीक मर्यादेहून सूक्ष्म माहिती देशातच साठवण्याचे बंधन घातले. नागपुरात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे, अंबाझरीला आयुधनिर्माणी आहे. अशा परिसरात कॅमेरा बंद ठेवणे हे स्वयंसेवकाचे पहिले कर्तव्य.

११/
नोंद कोणाच्या हाती राहते, हा प्रश्न त्याहून मोठा. जून २०२० मध्ये फेसबुकने मॅपिलरी विकत घेतली. छायाचित्रे मुक्त परवान्याखाली राहिली, परंतु कोठार एका कंपनीचे झाले. फ्रान्समध्ये तेथील राष्ट्रीय नकाशा संस्था आणि ओपनस्ट्रीटमॅपचे कार्यकर्ते यांनी पॅनोरामॅक्स उभारले. त्यात प्रत्येक संस्था आपली छायाचित्रे आपल्याच सर्व्हरवर ठेवू शकते. नगरपरिषद, ग्रंथालय किंवा महाविद्यालय यांना जमेल असा हा मार्ग आहे.

१२/
लॅम्बटनच्या खलाशांप्रमाणे हा नवा मोजणीदार अनामिक राहत नाही. त्याच्या प्रत्येक छायाचित्राला निदान एक खातेनाव आणि तारीख असते. स्थान आणि तारीख असलेले चित्र हे इतिहासाचे साधन आहे. रस्ता रुंद होतो, जुनी घरे जातात, पाट्या बदलतात. त्याआधीचा पुरावा अशा चित्रांतच उरेल.

१३/
मात्र प्रत्येक साधनाचे मौनही वाचावे लागते. दुचाकी सहसा मुख्य रस्त्यानेच जाते. स्टेशनचा रस्ता आणि एमआयडीसी दहा वेळा टिपली जाईल. गावाच्या कडेची वस्ती, बोळ आणि पांदण एकदाही नाही. शंभर वर्षांनी कळमेश्वरचा इतिहास लिहिणाऱ्याला ती जागा कोरी दिसेल आणि तेथे सांगण्यासारखे काही नव्हतेच, असा त्याचा समज होईल. जुन्या नकाशातील कोऱ्या जागांचा दोष राज्यकर्त्यांवर टाकता येत होता. आता कॅमेरा लोकांच्या हाती आहे. कोणत्या गल्लीत वळायचे, हा निर्णयही त्यांचाच.