गाण्याच्या शेवटी नाव कुणाचं?

गेल्या महिन्यात माझा भाचा दोन पानांचा कागद घेऊन घरी आला. चाळीसगावात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. फावल्या वेळेत अहिराणीत गाणी लिहितो. त्याचं एक लग्नाचं गाणं एका यूट्यूब चॅनलवाल्यांना आवडलं होतं. शूटिंग ते करणार, गायक त्यांचा, संगीत त्यांचं. भाच्याला एकरकमी पाच हजार. कागद इंग्रजीत होता. “मामू, सही कर दूं? नाम आयेगा ना मेरा?” त्याने विचारलं.

मी दोन दिवस मागून घेतले. कारण हाच प्रश्न मला तीस-पस्तीस वर्षांपूर्वी पडायला हवा होता आणि तेव्हा तो पडला नव्हता.

आमच्या गावात बामोशी बाबांचा उर्स भरतो. तलवारीच्या मिरवणुकीत अख्खं गाव असतं. कोण हिंदू, कोण मुसलमान, हे त्या गर्दीत कुणी मोजत नाही. मी अकरावीत असताना उर्ससाठी एक कलाम लिहिलं. बाहेरगावाहून आलेल्या एका कव्वालाला ते भीतभीत दाखवलं. त्याने रात्री दोन वाजता ते गायलं, मकत्यात माझा तखल्लुस घेतला आणि माझ्याकडे हात केला. त्या रात्री मी घरी चालत आलो की उडत, ते आजही सांगता येणार नाही.

दीड वर्षाने एसटी स्टँडजवळच्या कॅसेटच्या टपरीवर तेच कलाम वाजताना ऐकलं. शब्द माझे, चाल तीच. फक्त शेवटचा शेर गायब. वेष्टनावर कवी म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव. मी धावत घरी गेलो आणि अब्बांना सांगितलं. ते शिलाई मशीनवर बसले होते. मान वर न करता म्हणाले, “कागज है क्या?”

कागद नव्हता. नाव गाण्यात होतं आणि तेवढं पुरतं, असं मला वाटत होतं. मला तसं का वाटलं आणि ते का पुरलं नाही, याचं उत्तर इतिहासात आहे.

मालावरच सही

आपल्याकडे कवीने गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव गुंफण्याची रीत फार जुनी आहे. मराठीत तिला नाममुद्रा म्हणतात, गझलेत तखल्लुस. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या अभंगांत त्यांचं नाव येतं. पेशवाईच्या उत्तरार्धातला सगनभाऊ हा जेजुरीचा मुसलमान शाहीर, धंद्याने शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारा. त्याची लावणी संपता संपता सगनभाऊ हे नाव येतंच. आपल्या काळात वामनदादा कर्डकांनी हीच रीत चालवली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस. मुंबईत कष्टाची कामं केली, मोठेपणी अक्षरं शिकला आणि 1943 साली पहिलं गाणं लिहिलं. तेही एका सिनेगीताच्या चालीवरचं विडंबन. पुढे त्यांची भीमगीतं गावोगावच्या गायन पार्ट्यांनी आणि कव्वालांनी गायली. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ आला की गाणं कुणाचं, हे विचारावं लागत नसे.

ही हौस नव्हती, सोय होती. गाणं तोंडोतोंडी फिरायचं. त्याला ना वेष्टन, ना शिक्का. म्हणून कवी मालावरच सही करून ठेवायचा. गाणारा बदलला, गाव बदललं, तरी सही गाण्याबरोबर चालत जायची.

तबकडीवर न मावलेलं कडवं

1902 साली ग्रामोफोन कंपनीचे लोक कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहरजानचा आवाज मुद्रित केला. गाणं संपलं की ती इंग्रजीत मोठ्याने सांगायची, माझं नाव गौहरजान. कारण साधं होतं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या. तिथल्या कारागिरांना आवाज कुणाचा, हे कळायला हवं होतं. पण या छोट्याशा सोयीत एक मोठा बदल दडलेला दिसतो. गाण्याच्या शेवटी जिथे कवीचं नाव यायचं, तिथे आता गाणाऱ्याचं नाव आलं.

त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. पाच-सहा कडव्यांची रचना त्यात बसायची नाही. कापायचं झालं तर शेवटाकडून कापणं सोपं, आणि नाव नेमकं शेवटी. पुढे बोलपट आले. पडद्यावर नायिका गाते आहे म्हटल्यावर तिच्या गाण्यात कवीचं नाव कसं येणार? अशा रीतीने गाण्यातली सही गेली. तिची जागा तबकडीवरच्या कागदी चकतीने घेतली. पण रेडिओ ऐकणाऱ्याला ती चकती दिसत नव्हती. गायक आणि संगीतकाराबरोबर गीतकाराचंही नाव रेडिओवर सांगितलं जावं, म्हणून साहिर लुधियानवींना आग्रह धरावा लागला, तो यामुळेच.

हौशी माणूस आत कसा शिरला?

भाच्याला वाटतं की पूर्वी ओळखीवाल्यांनाच काम मिळायचं. पूर्ण खरं नाही. हसरत जयपुरी मुंबईत बस कंडक्टर होते. मुशायऱ्यात पृथ्वीराज कपूरांनी त्यांना ऐकलं आणि राज कपूरकडे नाव सुचवलं. 1949च्या ‘बरसात’मधून ते गीतकार झाले. मजरूह सुलतानपुरी शिकलेले हकीम. 1945 साली मुशायऱ्यासाठी मुंबईत आले, तिथे निर्माते कारदार यांनी त्यांना ऐकलं. मजरूहांनी आधी नकार दिला होता. जिगर मुरादाबादींनी समजूत घातली, तेव्हा 1946च्या ‘शाहजहाँ’ची गाणी लिहिली.

आपल्या मराठीत बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलचं उदाहरण घ्या. आई मुनेरबीच्या ओव्या ऐकत वाढलेला पोर. गाडीवर क्लीनर झाला, गिरणीत राबला, तुरुंगात गेला आणि शाहीर अमर शेख झाला. 1944 साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं राहिलं. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदानं भरली. त्यांना दार कुठल्या कंपनीने उघडलं नाही, कामगारांच्या सभेने उघडलं.

म्हणजे मुशायरा असो, सभा असो की उर्स, हौशी माणसाला आधी मैफल मिळाली आणि मग बाजार. हे आजही फारसं बदललेलं नाही. खान्देशात लग्नाचा बँड आणि डीजे हीच मैफल आहे. तिथे चाललेलं गाणं यूट्यूबवर चालतं. काही अहिराणी गाणी कोट्यवधी वेळा पाहिली गेली आहेत.

आणि खान्देशची सर्वांत मोठी गीतकार तर या बाजारात कधी शिरलीच नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर गाणं सुचायचं आणि मुलगा सोपानदेव व इतर घरची माणसं ते टिपून ठेवायची. 1951 साली त्या गेल्या, 1952 साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं, आणि 1961च्या ‘मानिनी’ चित्रपटात त्यांच्या ओव्या सुमन कल्याणपूरांनी गायल्या. ती वही नसती तर आज त्या गाण्यांपुढे ‘पारंपरिक’ एवढाच शब्द असता. आपल्या आज्या-नान्यांच्या किती गाण्यांपुढे हा शब्द लागला आहे, याचा विचार केला की वाईट वाटतं. कुणीतरी एकीने ती पहिल्यांदा म्हटली असतीलच ना!

कागदाची गोष्ट

स्वातंत्र्यानंतर 1957चा कॉपीराइट कायदा आला. 1969 साली गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करण्यासाठी आयपीआरएस ही संस्था निघाली. पण 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निर्मात्याने पैसे देऊन सिनेमासाठी गाणं लिहून घेतलं आणि उलट करार नसेल, तर मालक निर्माता. त्यानंतर बहुतेक गीतकार एकरकमी पैसे घेऊन मोकळे होत राहिले. गाणं पन्नास वर्षं वाजो, लिहिणाऱ्याच्या हाती पुन्हा काही नाही.

हे बदललं 2012 साली. राज्यसभेत गेलेल्या जावेद अख्तरांनी त्यासाठी किती भांडण घेतलं, ते अनेकांना आठवत असेल. आता गाण्याचे हक्क विकले तरी रॉयल्टीतला लिहिणाऱ्याचा वाटा विकता येत नाही. तो वारसांना देता येतो किंवा वसुलीसाठी संस्थेकडे सोपवता येतो. बाकी कुणाला ‘सोडला’ असं लिहून दिलं, तरी ते कायद्याने रद्द ठरतं. गाणं लिहिलं त्या क्षणी हक्क तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. अब्बा कायदा शिकले नव्हते, तरी नेमका प्रश्न त्यांनीच विचारला होता.

भाच्याचा कागद मी ओळीओळीने वाचला. तिसऱ्या कलमात लिहिलं होतं की सगळे हक्क कायमचे चॅनलचे आणि गीतकार पुढे काहीही मागणार नाही. नावाबद्दल अक्षरही नव्हतं. आम्ही तीन गोष्टी लिहून पाठवल्या. व्हिडिओच्या सुरुवातीला आणि खालच्या माहितीत गीतकार म्हणून नाव द्यावं. हक्क पाच वर्षांपुरते असावेत. रॉयल्टीचा वाटा गीतकाराचाच राहावा. शिवाय गाण्याचा मजकूर त्याने स्वतःलाच ईमेल करून ठेवला, म्हणजे तारीख तरी राहील. आयपीआरएसच्या सदस्यत्वाचा अर्जही काढून दिला.

तो घाबरला होता. “मामू, ते दुसऱ्याकडून गाणं घेतील.” घेतीलही. नवख्या माणसाच्या मनातली ही भीती खोटी नाही आणि धंदा याच भीतीवर चालतो. माझं कलाम गेलं तेव्हा मीही गप्प बसलो होतो, पुढच्या उर्सला कुणी गाणार नाही म्हणून. पुढच्या उर्सला तसंही कुणी गायलं नाही.

आठ दिवसांनी उत्तर आलं. नाव द्यायला तयार, पाच वर्षांनाही तयार. रॉयल्टी सोडण्याचं वाक्य मात्र त्यांनी काढलं नाही. मी भाच्याला म्हटलं, राहू दे ते वाक्य, कायद्यापुढे त्याला किंमत नाही. त्याने सही केली आणि एक प्रत बहिणीच्या कपाटात ठेवली.

जाताना त्याला एक सुचवलं. शेवटच्या कडव्यात तुझं नाव घाल. तो हसला, “डीजेवर शेवटचं कडवं कोण ऐकतंय?” खरं आहे, कुणी ऐकत नाही. तरी दुसऱ्या दिवशी त्याने व्हॉट्सअॅपवर नवं कडवं पाठवलं. त्यात त्याचं नाव होतं.