लावणीचे शेवटचे कडवे

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दक्षिणेला निघालेला रस्ता भीमा ओलांडून दौंड तालुक्यात उतरतो आणि केडगावाजवळ पुणे-सोलापूर महामार्गाला छेदून पुढे सुप्याकडे जातो. या छेदाच्या जागेला चौफुला म्हणतात. भोवती उसाची शेते आणि गुऱ्हाळे, रस्त्याच्या कडेला धाबे, आणि त्यांच्याच ओळीत कला केंद्रांच्या पाट्या. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत समकालीन कला कोठे पाहावयास मिळेल, असे कुणी विचारले तर आमच्यासारखे अध्यापक पुण्यातल्या कलादालनांकडे बोट दाखवतात. चौफुल्याचे नाव घ्यावयास जीभ कचरते. वास्तविक आज रचलेली, आज बसवलेली आणि आज रात्री श्रोत्यांसमोर पारखली जाणारी कला असा ‘समकालीन’ या शब्दाचा अर्थ असेल, तर ती येथे निदान काही पिढ्या नांदते आहे.

आमची अडचण अभ्यासक्रमाने केली आहे. मराठीच्या वर्गात लावणी हे उत्तर पेशवाईचे प्रकरण असते. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ अशी नामावळी होते, फार तर पठ्ठे बापूरावांचा उल्लेख होतो आणि प्रकरण मिटते. त्यानंतरची लावणी ‘लोककला’ या सदरात जाते. हा शब्द वरवर आदराचा आहे. पण लोककलेला कर्ता नसतो अशी आपली एक आळशी समजूत आहे, आणि त्या समजुतीमुळे जिवंत माणसाने लिहिलेली रचनाही निनावी होऊन बसते.

आता गंमत अशी की शाहिरी परंपरेला निनावीपणाचे भलतेच वावडे होते. लावणीच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव ओवतो. राम जोशी स्वतःला ‘कविराय’ म्हणवतात. होनाजी बाळा ही मुद्रा तर दोघांची आहे. होनाजी शिलारखाने हा रचनाकार, बाळा करंजकर हा त्याचा गाणारा साथीदार. लिहिणारा आणि गाणारा यांना एकाच ओळीत समान श्रेय देण्याची ही रीत आजच्या कोणत्याही श्रेयनामावलीपेक्षा उदार म्हणावी लागेल. जेजुरीचा सगनभाऊ जातीने शिकलगार, धर्माने मुसलमान. पण त्याची रचना म्हणणाऱ्या प्रत्येकाला अखेरच्या कडव्यात त्याचे नाव उच्चारावेच लागे. छापखाना नव्हता, स्वामित्वहक्काचा कायदा नव्हता. गाणे कुठेही गेले तरी कवीचे नाव त्याच्याबरोबर जाईल, एवढी तजवीज गाण्याच्या पोटातच केलेली होती.

ती तजवीज पहिल्यांदा विसकटली ध्वनिमुद्रणाने. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले. त्या काळातल्या अनेक तबकड्यांच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव मोठ्याने सांगते. तबकड्या परदेशी कारखान्यात तयार होत, तेथे ओळख पटावी म्हणून ही सोय. म्हणजे गाणाऱ्याची मुद्रा टिकली, रचणाऱ्याची गेली. शिवाय तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. बैठकीत अर्धा तास रंगणारी लावणी तीन मिनिटांत कोंबावयाची तर कात्री कोठे लागणार? ध्रुवपद ठेवणे भाग, पहिले कडवे ठेवणे भाग. शेवटचे कडवे, म्हणजे सहीचेच कडवे, सर्वात आधी गळावयाचे. कुणी हे ठरवून केले नाही, यंत्राच्या मापाने ते घडले.

पुढे चित्रपट आला. त्याआधी १९४७-४८च्या सुमारास खेर मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली, दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली, आणि ‘शुद्ध’ करून मगच तमाशाला पुन्हा वाट मिळाली. शुद्धीकरणाचा हा काळ आणि मराठी तमाशापटांच्या भरभराटीचा काळ जवळजवळ एकच, हा योगायोग मानणे जड जाते. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘पिंजरा’ (१९७२) आणि फार पुढे ‘नटरंग’ (२०१०) या चित्रपटांनी मध्यमवर्गाला घरबसल्या लावणी दिली. त्यात माडगूळकर, खेबुडकर, गुरू ठाकूर या गीतकारांची नावे पडद्यावर आली, आणि ते रास्तच आहे. मात्र ज्या बायकांच्या अदा पाहून पडद्यावरच्या अदा बसवल्या गेल्या, त्यांना श्रेयनामावलीत रकाना नव्हता.

मग कॅसेट, मग व्हीसीडी, मग मोबाइल. एसटी स्थानकाबाहेरच्या टपरीवर लावण्यांच्या कॅसेटी टांगलेल्या असत, त्यांच्या वेष्टनावर कंपनीचे नाव ठळक आणि गीतकाराचे नाव भिंगातून पाहण्याजोगे. व्हीसीडीने प्रथमच गाणे आणि चित्र एकत्र, स्वस्तात, खेड्यातल्या घरी आणले. आज ज्याला आपण म्युझिक व्हिडिओ म्हणतो त्याची ग्रामीण महाराष्ट्राला ओळख अशी झाली. मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्याला तर वेष्टनही उरले नाही. २०२२-२३मध्ये गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांच्या चित्रफितींवरून ‘ही लावणी आहे का’ असा वाद गावोगाव झाला. तो वाद पोशाखाचा आणि हावभावांचा होता. त्या कार्यक्रमांत वाजणारी गाणी कुणाची, हा प्रश्न दोन्ही बाजूंपैकी कुणाला पडल्याचे दिसले नाही.

हा प्रश्न आमच्या तालुक्यांना विशेष लागू पडतो, कारण त्याचे एक उत्तर शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाई या गावी राहत होते. बशीर कमरुद्दीन मोमीन, म्हणजेच बी. के. मोमीन कवठेकर. गण, गवळण, लावणी, वग, लोकनाट्य असे सर्व प्रकार त्यांनी हाताळले. काळू-बाळू, रघुवीर खेडकर, दत्तोबा तांबे यांच्यासारख्या नावाजलेल्या फडांनी त्यांच्या रचना रंगमंचावर नेल्या. हुंडा, व्यसन, निरक्षरता यांवरही ते लिहीत राहिले. दरवर्षी पाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या तेथे येऊन सुपारी देतात. त्या वेळी फडमालकाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: यंदा नवीन काय? त्या ‘नवीन’चा पुरवठा करणाऱ्यांपैकी मोमीन एक होते. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना २०१८ सालचा मिळाला आणि २०२१ साली ते गेले. सगनभाऊंपासून इतक्या वर्षांनी पुन्हा एक मुसलमान शाहीर, जेजुरीपासून फार दूर नसलेल्या गावातला, गणेशाला वंदन करणारा गण लिहितो. वाङ्मयेतिहासाला या सातत्याची दखल घ्यावीशी वाटू नये, याचे नवल वाटते.

फडाची गोष्ट एक, संगीत बारीची दुसरी. फडात वग असतो, सोंगाड्या असतो, कथा असते. बारीत केवळ गाणे, नाच आणि अदाकारी. कला केंद्रात अनेक ‘पार्ट्या’ मुक्कामाला असतात. प्रत्येकीत चार-सहा गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाया, पेटी, तबला, ढोलकी. आळीपाळीने मंचावर येणे ही ‘बारी’. खरी परीक्षा नंतरच्या बैठकीत. तेथे फर्माईश होते आणि बसल्या जागी एकाच ओळीचे दहा अर्थ भुवईने, मनगटाने, पदराच्या टोकाने सांगावे लागतात. यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, ती या बैठकीच्या अदाकारीची थोरवी होती. चित्रफितीत हेच नेमके हरवते. दर तीन सेकंदांनी दृश्य बदलणारा संकलक एका भुवईची वाट कशी पाहणार? त्याला गिरकी हवी, पायाचा ठेका हवा. त्यामुळे बैठकीची लावणी चित्रफितीत फारशी उतरलीच नाही, आणि चित्रफितीत नसलेले आजकाल अस्तित्वातच नसते.

चौफुल्यापासून थोड्याच अंतरावर, केडगावला, पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ आणि १९०० या दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो निराधार मुली-बायका येथे आणल्या. त्यांना विणकाम, शेती, छपाई शिकवली. मराठी बायबलाचे भाषांतर याच छापखान्यात बायकांच्या हातून जुळवले गेले. या मुलींची छायाचित्रे पुस्तकांतून आणि पुस्तिकांतून इंग्लंड-अमेरिकेत पोचली, आणि बहुधा तीच या तालुक्याची जगाने पाहिलेली पहिली चित्रे असावीत. त्यांचा हेतू मदत मिळवणे हा होता, तो सफळही झाला. पण चौकटीखाली ‘दुष्काळग्रस्त मुली’ अशी समूहवाचक ओळ आणि वर ओळीने उभे केलेले चेहरे. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या हातांना स्वतःच्या चित्राखालची ओळ जुळवण्याची संधी क्वचितच मिळाली असेल. रमाबाईंचे केडगाव आणि बारीचे चौफुला यांची तुलना पुष्कळांना रुचणार नाही. तरीही एकीकडे करुणेने आणि दुसरीकडे शौकाने पाहिलेली बाई चित्रात सारखीच निनावी राहते, हे दिसल्यावर डोळे मिटता येत नाहीत.

या निनावीपणाला अलीकडे काही जणांनी छेद दिला. शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांचा प्रश्न जात आणि लैंगिकता यांच्या चौकटीत प्रथम खणखणीतपणे मांडला. सावित्री मेधातुल यांनी ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट केला. भूषण कोरगावकर यांचे ‘संगीत बारी’ (२०१४) हे पुस्तक कला केंद्रांतल्या बायकांना त्यांच्या त्यांच्या आवाजात बोलू देते, आणि पुढे याच नावाच्या रंगमंचीय प्रयोगात त्या कलावंत स्वतः शहरी प्रेक्षकांसमोर बसून गायल्या. शैलजा पाईक यांच्या २०२२च्या इंग्रजी ग्रंथाने तमाशातल्या दलित स्त्रियांचा इतिहास जगापुढे नेला. आमच्या विद्यार्थ्यांना यांपैकी काहीच नेमलेले नाही. त्यांच्या हातातल्या फोनवर मात्र रोज नवी लावणी येते.

म्हणून गेल्या काही वर्षांत आम्ही एक साधा स्वाध्याय देतो. फोनवर आवडलेली एक लावणी निवडावी, ती कुणी लिहिली, कुणी गायली, कुणी नाचली, ढोलकीवर कोण होते, ही चार नावे शोधून आणावीत. गाणारीचे नाव बहुतेकांना सापडते, नाचणारीचे निम्म्यांना. ढोलकीवाल्याचे नाव एखाद्याच मुलाला मिळते, तेही गावच्या यात्रेत प्रत्यक्ष जाऊन विचारल्यावर. गीतकाराच्या रकान्यात बहुतेक वह्यांत एकच शब्द असतो: पारंपरिक.