वेदनेवरचा परवाना

डोंबिवलीहून किंवा कल्याणहून परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या कर्करुग्णाला लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात बसायची मुभा असते. त्या डब्यातल्या गर्दीविषयी न बोललेलंच बरं! पण उपचार थकले, 'आता घरी न्या' असं डॉक्टरांनी सांगितलं, की हा प्रवासही थांबतो. उरते ती वेदना. ती कमी करून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे का, हा प्रश्न आपल्याकडे फार उशिरा विचारला गेला.

याचं एक मूळ १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. कायदा गर्दच्या व्यापाऱ्यांसाठी होता, सापडलं मॉर्फिन. कर्करोगाच्या तीव्र वेदनांवरचं हे स्वस्त आणि खात्रीचं औषध अफूपासून बनतं. पण ते बाळगायला, वाहून न्यायला, दुसऱ्या राज्यातून आणायला वेगवेगळे परवाने लागू लागले, आणि ते सगळे एकाच वेळी चालू असावे लागत. एकाची मुदत संपली की सारं अडलं. वर शिक्षा इतकी कडक, की औषध दुकानदारांनी ते ठेवणंच सोडलं. १९९७ साली देशभराचा मॉर्फिनचा वैद्यकीय वापर अवघ्या १८ किलोच्या आसपास आला होता. गंमत अशी, की अफू आपल्याच नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्यानं पिकत होती आणि मोठ्या प्रमाणात परदेशी जात होती.

मरणाच्या वाटेवरल्या रुग्णांसाठी देशातला पहिला आश्रम, शांती अवेदना, १९८६ मध्ये वांद्र्याला उभा राहिला. म्हणजे कायद्यानंतर वर्षभरातच! १९९८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात मॉर्फिनच्या टंचाईवर जनहित याचिका आली.

आपल्या ठाणे जिल्ह्याचं या इतिहासात एक वेगळं पान आहे, आणि ते शहरातलं नाही. २०१० नंतर टाटा रुग्णालयाच्या सहभागानं मुलांसाठीच्या परिहार सेवेचा प्रकल्प जव्हारला सुरू झाला. जव्हार तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये. ज्या आदिवासी भागात साधा दवाखाना गाठायला मैलोन् मैल चालावं लागतं, तिथं दुर्धर आजारी मुलांचा विचार आधी व्हावा, हे मला फार मोलाचं वाटतं. २०१२ मध्ये महाराष्ट्रानं परिहार सेवेचं धोरण आखलं. याबाबत आपल्यापुढे होतं ते केरळ.

२०१४ च्या दुरुस्तीनं परवान्यांची ती माळ तुटली. आता प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सन्मानानं मरण येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो वाद ज्या अरुणा शानभाग प्रकरणानं गाजला, ते केईएम रुग्णालय टाटाच्या शेजारचंच. तिथल्या परिचारिकांनी अरुणाताईंना २०१५ पर्यंत, चाळीसहून अधिक वर्षं सांभाळलं. 'परिहार सेवा' हा शब्दही सुरुवातीला फारसा कुणाच्या तोंडी नव्हता.

हक्क असा तुकड्यातुकड्यांनी आला आहे. 'वेदनाशमन हा रुग्णाचा हक्क' असं एका ओळीत सांगणारा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून तो कागदावरून घरापर्यंत आणायचं काम बरंचसं स्थानिक रुग्णालयांवर येतं. कल्याणचं रुक्मिणीबाई असो, डोंबिवलीचं शास्त्रीनगर असो की कळव्याचं शिवाजी रुग्णालय, अशा प्रत्येक ठिकाणी नातेवाइकांनी एक साधा प्रश्न जरूर विचारावा: तुमच्याकडे मॉर्फिनची मान्यता आहे का, आणि नसेल तर अर्ज कधी करणार?